सावलीतली अबोली

वैशाख सरत आला की जुन्या अबोलीची वाळलेली कणसे खुडून ओटीवरच्या सुपात पसरून ठेवावयाची, हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. एके वर्षी ते सूप आत घ्यावयाचे राहून गेले आणि रात्री वळवाची सर आली. अंथरुणावर पडल्या पडल्या ओटीवरून 'तट्, तट्' असा आवाज ऐकू येऊ लागला. कोणी तापल्या खापरात जोंधळ्याच्या लाह्या फोडीत बसले आहे, असे वाटावे. विजेरी घेऊन बाहेर आलो, तो पागोळ्यांचे तुषार अंगावर घेऊन सुपातली कणसे जागच्या जागी हिसके देत होती, तपकिरी चपट्या बिया भिंतीवर, दारावर आणि पायरीवर येऊन आदळत होत्या, आणि ज्या बोंडातून बी सुटले त्याची दोन शकले चोच वासलेल्या पिलासारखी उघडी पडली होती.

सुकलेल्या वस्तूला पाणी लागले की ती मऊ पडते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. पापड सादळला की त्याचा कुरकुरीतपणा जातो, फटाका सादळला की तो वाजत नाही, भिजलेली काडी मोडताना आवाज करीत नाही. मग महिनाभर उन्हात वाळलेले, निर्जीव म्हणावे असे हे बोंड पाण्याचा थेंब लागताच फुटते कसे, आणि ते बळ त्याच्या ठायी येते कोठून? या एका प्रश्नाचा माग काढीत गेले म्हणजे अबोलीचा बराचसा स्वभाव हाती येतो. कारण ती मूळची झाडीखालच्या ओलसर जमिनीची रहिवासी आहे, आणि आपल्या अंगणात येऊन तिला कित्येक पिढ्या लोटल्या तरी त्या जमिनीचा कायदा तिने सोडलेला नाही.

ताणलेले धनुष्य

अबोलीचे बोंड जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या लांबीचे, दोन्ही टोकांना निमुळते असते. त्याचे दोन भाग उभ्या सांध्याने एकमेकांस चिकटलेले असतात, आणि आत बहुधा चार बिया, प्रत्येकी एका ताठ आकड्यावर टेकवून ठेवलेल्या असतात. बोंड हिरवे असते तोवर त्यात काही नवल नाही. ते वाळू लागले म्हणजे मात्र त्याच्या भिंतीतील थर सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत. एक थर अधिक आखडतो, दुसरा कमी, आणि म्हणून प्रत्येक शकलाला बाहेरच्या बाजूस कमान टाकावीशी वाटते. उन्हात ठेवलेली लाकडी फळी एका अंगाने वाकते ती याच कारणाने. परंतु मधला सांधा शकलांना सोडीत नाही. ती वाकू पाहतात आणि सांधा त्यांना धरून ठेवतो, अशा स्थितीत बोंड आठवडेच्या आठवडे ताणलेल्या धनुष्यासारखे राहते.

आता पाणी येते. पाण्याने बोंडाची भिंतही अखेर मऊ पडणारच. पण तिला वेळ लागतो, आणि सांध्याचा चिकटपणा मात्र त्याआधीच सुटतो. धनुष्याची कांब कोरडी आणि दोरी भिजून तुटलेली, असा तो क्षण असतो. साठवलेला सगळा ताण निमिषात मोकळा होतो, शकले फटकन उघडतात, आणि बियांखालचे आकडे गोफणीचे काम करून त्यांना दूर भिरकावतात. म्हणजे फोडण्याचे बळ पाण्याचे नव्हे, ते उन्हाने आधीच जमा करून ठेवलेले असते. पाणी केवळ कुलूप काढते. पापडाचा दृष्टांत येथे लागू पडत नाही, तो एवढ्याचसाठी की पापडात ताण साठवलेला नसतो.

ही कला एकट्या अबोलीची नाही. अडुळसा, कोरांटी, कारवी ही सगळी तिचीच भावंडे. वनस्पतिशास्त्रात या घराण्याला अडुळशावरून वासक-कुल म्हणतात, आणि बियांखालचे आकडे ही या घराण्याची जुनी खूण आहे. सह्याद्रीच्या उतारावरची कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एकदाच निळीजांभळी फुलून मरते, आणि तिची वाळलेली बोंडे पुढल्या वर्षी पहिल्या पावसात फुटू लागली म्हणजे अख्खी डोंगरउतरण तडतडते. 2018 साली अमेरिकेतील पोमोना कॉलेजच्या संशोधकांनी याच कुलातील रुएलिया या वनस्पतीच्या बोंडाचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा असे दिसून आले की तिचे चकतीसारखे बी सेकंदाला सोळाशेहून अधिक गिरक्या घेत निघते आणि सात मीटरपर्यंत जाऊ शकते. नदीच्या पाण्यावर भाकऱ्या खेळताना चपटा खडा गरगरत सोडला तर तो आपली धार हवेत धरून जातो. बीही तसेच आपली कड पुढे करून हवा कापते, आणि त्याला अडथळा कमी होतो.

पण पाऊसच का? झाडीखाली वारा थोडा असतो, तेव्हा म्हाताऱ्यांसारखे पंख लावून बी उडवण्यात लाभ नाही. कोरड्या दिवसांत बी खाली पडले तर महिनोन्‌महिने मुंग्यांच्या आणि उन्हाच्या हवाली. पावसाच्या पहिल्या सरीलाच बोंड फुटले, तर बी पडते तीच ओल्या पाचोळ्यावर, रुजण्याच्या मोसमाच्या तोंडावर. पंचांग न पाहता मुहूर्त साधण्याची ही तजवीज पाहिली म्हणजे मला आजही तितकेच नवल वाटते, जितके त्या रात्री वाटले होते.

झाडीखालची रहिवासी

अबोली ही दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील वनस्पती. कर्नाटकात आणि तामिळनाडूत तिला कनकांबर या नावाने ओळखतात, म्हणजे सोनेरी वस्त्र. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ती अबोली. लिनीअसने प्रथम तिला अडुळशाच्याच प्रजातीत घातले होते, पुढे तिची वेगळी क्रॉसँड्रा ही प्रजाती झाली. तिच्या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'नरसाळ्याच्या आकाराची' असा आहे. फूल हातात घेऊन पाहिले तर ते विशेषण किती नेमके आहे हे कळते. खाली दोऱ्यासारखी बारीक नळी, आणि वर एकाच बाजूला पसरलेली पाच कातऱ्यांची पाकळी. वरच्या अंगाला चीर पडून ती बाजू मोकळीच राहिलेली. फुले एका चौकोनी हिरव्या कणसावर येतात, प्रत्येक फुलाला एकेक हिरवे, लवदार पान पाठीशी घालते, आणि कणीस खालून वर उमलत जाते. त्यामुळे एका कणसावर दररोज थोडी थोडी फुले मिळतात आणि माळ्याला एक दिवसाआड खुडणी करावी लागते.

तिला गंध नाही. मोगरा, जाई, रातराणी ही फुले सायंकाळी उमलतात, बहुधा पांढरी असतात आणि अंधारात भटकणाऱ्या पतंगांना वासाने बोलावतात. दिवसा उमलणाऱ्या, भडक रंगाच्या, बारीक नळीच्या निर्गंध फुलांचा व्यवहार सहसा लांब सोंडेच्या फुलपाखरांशी असतो, आणि त्यांना रंग पुरतो. तो रंगही असा की मराठीत त्याला दुसरे नाव नाही: ना केशरी, ना गुलाबी, ना पिवळा. लुगड्याचा रंग सांगताना 'अबोली' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला तो दिसतो, आणि महाराष्ट्रात स्त्री-चालकांच्या रिक्षांना सरकारने हाच रंग नेमून दिला तेव्हा त्याचा खुलासा कोणाला करावा लागला नाही.

आजोळी मालवणकडे परसात माडांच्या रांगेखाली अबोली होती. आजी सकाळी फुले काढी, केळीच्या सोपाचे दोरे भिजवून त्यांत ती गुंफी, आणि तो वळेसर देवीला वाहून उरलेला तुकडा आपल्या अंबाड्यात माळी. खुडलेली फुले दुसऱ्या दिवशीही कोमेजलेली दिसत नसत. शहरात घर केल्यावर मी तिच्याकडून रोप मागून घेतले, तेव्हा तिने एवढेच बजावले होते: "तिका उन्हात लाव नको रे, माडाच्या मुळात लाव." माझ्या अंगणात माड नव्हता. मी ते रोप कुंपणाशी, दिवसभर ऊन खाणाऱ्या जागी लावले आणि एका उन्हाळ्यात घालवले.

सावली किती, आणि कोणती

पानाला ऊन हवे ते अन्न तयार करण्यासाठी, हे शाळेत शिकलेले असते. म्हणून जितके ऊन अधिक तितके अन्न अधिक, असा आपला समज होतो. जात्याचा दृष्टांत घ्यावा. जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण घातली तर पीठ सुरेख पडते. पायलीभर धान्य एकदम ओतले तर पीठ पायलीभर निघत नाही. तोंड चोंदते, जाते अडते. प्रत्येक पानाचे जाते किती वैरण दळू शकेल याला मर्यादा असते, आणि सावलीतल्या वनस्पतींचे जाते लहान असते. भर दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे 1,00,000 लक्स एवढा असतो. झाडाच्या विरळ छायेत त्याचा पाचवा-दहावा हिस्सा पोचतो, आणि अबोलीसारख्या वनस्पतीचे पान त्या हिश्शावरच आपले दळण उरकते. त्याहून जास्त आलेला प्रकाश उपयोगी तर पडत नाहीच, उलट हरितद्रव्याच्या यंत्रणेतच मोडतोड करतो. पान आधी फिकट होते, मग त्याच्या कडा करपतात.

सावलीतले पान या स्थितीसाठीच घडलेले असते. ते पातळ आणि पसरट असते, त्यात प्रकाश गोळा करणाऱ्या हरितद्रव्याचा भरणा अधिक असतो. माडाच्या झावळ्यांतून खाली येणारे कवडसे वाऱ्यासरशी जागा बदलतात. कवडसा पानावर क्षणभर थांबतो आणि पुढे सरकतो. त्या तेवढ्या अवकाशात मिळालेले ऊन वापरून घेण्याची सवय या वनस्पतींना असते. आजीच्या 'माडाच्या मुळात' या शब्दांत हे सगळे शास्त्र सामावलेले होते. कारण माडाची सावली ही गडद सावली नव्हे, ती हलती, छिद्रांची सावली आहे.

येथे उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. अबोली सावलीत जगते म्हणून तिला आंब्याच्या गर्द छायेखाली किंवा जिन्याखाली लावले, तर ती मरत नाही, पण फुलतही नाही. फूल ही श्रीमंतीची गोष्ट आहे. पानांची कमाई घरखर्चापुरतीच असेल तर झाड कणीस काढीत नाही. अशा जागी पेरांमधील अंतर वाढते, काडी लांबुळकी होऊन उजेडाच्या दिशेने झुकते, आणि ते दिसले की जागा बदलावी. घराच्या पूर्वेची बाजू सर्वांत चांगली: सकाळचे कोवळे ऊन नऊ-दहा वाजेपर्यंत, आणि पुढे भिंतीची सावली. गच्चीवर कुंडी असेल तर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते. थंडीचा मात्र तिला मनापासून तिटकारा आहे. पारा 12–13 अंशांखाली उतरला की तिची वाढ थबकते, आणि पुण्या-नाशिकची डिसेंबरातली पहाट तिला सोसवत नाही. त्या दिवसांत पाणी कमी करावे आणि धीर धरावा.

जांभा आणि काळी माती

कोकणात फोफावणारी अबोली देशावर आणली की कित्येकदा तिची नवी पाने पिवळी पडतात, आणि पिवळ्या पानावर शिरा तेवढ्या हिरव्या राहून जाळीसारख्या दिसतात. मालक खत घालतो, पाणी वाढवतो, आणि पिवळेपणा वाढतच जातो. हे उपाशीपण खताचे नसून लोहाचे असते. हरितद्रव्य घडवताना झाडाला लोह लागते. काळ्या जमिनीत ते पुष्कळ असते, पण तेथील चुनखडीमुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. मुळे तर पाण्यात विरघळलेलेच घेऊ शकतात. खजिन्यात रक्कम आहे, पण ती अदा करण्याचा हुकूम नाही, अशी ती अवस्था असते. कोकणातल्या जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून तेथे ही अडचण सहसा उद्भवत नाही.

उपाय म्हणजे माती थोडी आम्लतेकडे नेणे. मी कुंडीत बागेतल्या मातीचा एकच हिस्सा घेतो, दोन हिस्से पुरता कुजलेला पाला आणि एक हिस्सा जाडी रेती घालतो. कुजलेला पाला लोहाला धरून मुळांपर्यंत पोचवतो, शिवाय ओल राखतो आणि हवाही खेळती ठेवतो, कारण झाडीखालची जमीन म्हणजे दुसरे काय, वर्षानुवर्षांच्या पाल्याचा थरच. विहिरीचे पाणी चुन्याचे असेल तर पावसाचे पाणी साठवून घालावे. पाणी किती, याला एकच कसोटी आहे: बोट पेरभर मातीत खुपसावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नये. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि तुंबलेल्या पाण्यात ती गुदमरतात.

बी पेरताना

बी गोळा करण्याची युक्ती आता निराळी सांगावयास नको. कणीस तपकिरी झाले, पण पाऊस लागला नाही, अशा वेळी ते खुडावे आणि कागदी पाकिटात तोंड मिटून ठेवावे. पेरावयाच्या दिवशी पाकिटात पाण्याचे चार शिंतोडे मारले की बोंडे आतल्या आत फुटतात आणि बी एकही वाया जात नाही. मुलांना हे काम द्यावे. पाकीट कानाशी धरून ती ऐकत बसतात. बी हातात घेऊन जवळून पाहिले तर त्याच्या पाठीवर बारीक झालरीचे खवले दिसतात. भिंग असेल तर मौज पाहण्यासारखी आहे.

पेरणी पाऊस सुरू झाल्यावर करावी, बियांवर मातीचा थर आपल्या नखाच्या जाडीपेक्षा अधिक देऊ नये, आणि कुंडी सावलीत ठेवावी. ऊबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत रोपे दिसू लागतात. कित्येकदा तर आपण काही न करताच जुन्या झाडाच्या आसपास, पाचोळ्यात, दोन पानांची रोपे उगवलेली आढळतात. ती चार-पाच पाने आल्यावर मुळाच्या मातीसकट उचलून लावली की काम झाले. बियांची रोपे एकसारखी निघत नाहीत, एखाद्याचे फूल फिके निघते, एखाद्याचे भडक. ज्याला विविधतेची आवड आहे त्याने बीच पेरावे.

काडीला मुळे फुटतात ती कशी

ज्याला आजीच्याच अबोलीचा तोच रंग हवा आहे, त्याने मात्र छाटकलम करावे. काडी तोडून ओल्या रेतीत खोचली की तिला मुळे येतात, ही गोष्ट आपण इतक्या वेळा पाहिलेली असते की तिच्यातले आश्चर्य आपल्याला जाणवत नाही. पाय तुटलेल्या माणसाला नवा पाय फुटत नाही. मग फांदीला, जी जन्मात कधी मातीत गेली नाही, तिला मुळे काढावयाची हे सुचते कसे?

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत एक द्रव्य सतत तयार होत असते आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहत असते. त्याला ऑक्सिन म्हणतात. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील फ्रिट्स वेंट या तरुण शास्त्रज्ञाने ओट या धान्याच्या अंकुरांची टोके छाटून ती आगरच्या लहान चकत्यांवर ठेवली, आणि मग त्या चकत्या शेंडा नसलेल्या अंकुरांवर एका कडेला बसवल्या; टोकातून चकतीत उतरलेल्या द्रव्याने अंकुर दुसऱ्या बाजूला वाकले. 1928 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने, वाढीचा हुकूम शेंड्याकडून खाली द्रव्यरूपाने जातो, ही गोष्ट हाताला लागण्यासारखी सिद्ध झाली.

आता काडीचा विचार करावा. कुळागराच्या पाटाला मध्येच बांध घातला तर वरून येणारे पाणी बांधाशी तुंबते. काडी कापली म्हणजे ऑक्सिनच्या पाटाला बांध पडतो. वरून येणे चालूच राहते, खाली जाण्यास वाट नाही, आणि कापल्या टोकाशी त्याचा साठा वाढतो. सालीखाली सदैव नव्या पेशी घडवणारा एक पातळ थर असतो, त्याच्या आसपासच्या काही पेशी या वाढलेल्या साठ्यामुळे आपले जुने काम सोडून मुळांच्या कामाला लागतात. जखमेवर आधी फिकट, गाठीसारखी खपली धरते, आणि पुढे पेराजवळून पांढरी मुळे बाहेर डोकावतात. बाजारात मिळणाऱ्या मुळे फोडण्याच्या पुडीत इंडोल ब्युटिरिक आम्ल हे याच जातीचे द्रव्य असते. अबोलीला त्याची गरज पडतेच असे नाही. काडी उलटी खोचू नये, हे आपल्या वाडवडिलांचे सांगणे मात्र काटेकोर पाळावे, कारण तो पाट एकाच दिशेने वाहतो. काडी उलटी केल्याने त्याची दिशा बदलत नाही.

खरा धोका मुळे फुटेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांचा असतो. पाने पाणी उडवीत असतात आणि ते भरून काढावयास मुळे नसतात. आवक बंद आणि खर्च चालू, अशा घराचे दिवाळे निघावयास वेळ लागत नाही. म्हणून खर्च आवरावा: खालची पाने काढावी, वरची निम्मी कापावी, आणि हवा दमट ठेवावी. सगळी पाने मात्र खुडू नयेत, कारण मुळे घडवण्यास लागणारी साखर आणि ऑक्सिन त्या पानांतूनच यावयाचे असते. कळ्या असल्या तर त्या निर्दयपणे खुडाव्या. काडीजवळची थोडी शिल्लक फुलात जावी की मुळात, याचा निवाडा आपणच करावयाचा असतो.

┌───────────────┐
चौकट : अबोलीचे छाटकलम

वेळ : जून ते ऑगस्ट; हवा आपोआप दमट असते.
काडी : ना फार कोवळी, ना जून, 10–12 सेंटीमीटर लांब, तीन-चार पेरांची, बिनफुलाची. काप पेराच्या किंचित खाली, धारदार पात्याने.
माध्यम : धुतलेली जाडी रेती आणि नारळाच्या सोडणाचा भुसा, निम्मे निम्मे. खत घालू नये.
लावणी : दोन पेरे मातीत, एक-दोन बाहेर. वर काचेचे भांडे किंवा प्लास्टिकची पिशवी उपडी घालावी. आत पाने टेकू देऊ नयेत, दिवसातून एकदा वारा द्यावा.
कसोटी : काडी हलकेच ओढून पाहावी. हाताला अटकाव लागला तर मुळे आली. नवे पान फुटल्यावर कुंडीत हलवावी.
└───────────────┘

हेच ऑक्सिन जाणत्या माळ्याच्या कात्रीमागेही असते. शेंडा जागेवर असेतोवर तो बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फुले सरलेले कणीस खालच्या दोन पानांसकट छाटले की त्या डोळ्यांवरचा अंमल उठतो, दोन फांद्या फुटतात, आणि एका कणसाच्या जागी दोन येतात. बी हवे असेल तेवढीच कणसे ठेवावी, बाकी छाटावी. दरवर्षी मोसमाच्या तोंडावर सबंध झाड निम्मे उतरवले तर ते काटकुळे होत नाही.

बी न धरणारी अबोली

हल्ली रोपवाटिकांत 'दिल्ली अबोली' या नावाने जी मोठ्या, गडद फुलांची जात मिळते, तिची कणसे सुपात कितीही वाळवली तरी पावसात वाजत नाहीत. तिला बी धरतच नाही. याचे कारण मुळातल्या हिशेबात आहे. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे संच असतात, आणि परागकण किंवा बीजांड घडताना सारख्या गुणसूत्रांनी जोड्या जमवून, मग जोडीतले एक इकडे आणि एक तिकडे, अशी बरोबर वाटणी व्हावी लागते. मंगळागौरीत फुगडी घालताना हातात हात घेऊन दोघी फिरतात आणि मग एकमेकींपासून सुटतात, तसेच हे. दिल्ली अबोलीत संच तीन आहेत. प्रत्येक खेपेला तिसरी जोडीवाचून उभी राहते. ती कधी या बाजूला जाते, कधी त्या, आणि वाटणीनंतर कोणत्याच बाजूचा हिशेब जुळत नाही. अशा परागातून आणि बीजांडातून बी तयार होत नाही. खाण्याच्या केळ्यातही संच तीनच असतात, आणि केळ्यातले काळे ठिपके हे न झालेल्या बिया असतात, ते याच कारणाने.

बी धरावयाचे नसल्यामुळे ती फुले देत राहते, आणि फूलबाजारात तिला भाव येतो तो त्यामुळे. पण बी नसल्याने तिची वाढ काडीनेच व्हावयाची, आणि काडी म्हणजे नवे झाड नव्हे, त्याच झाडाचा पुढचा तुकडा. दक्षिणेतल्या मळ्यांतून उभी असलेली ही अबोली, शेजारच्या दारातली आणि माझ्या कुंडीतली, एका झाडाच्या फांद्या आहेत. तुकड्या-तुकड्याने ते एकच झाड एवढ्या मुलखात पसरले आहे.

मुळांवरच्या गाठी

एका झाडाला जो रोग सोसत नाही, तो अशा जातीत कोणालाच सोसत नाही. अबोलीचा जुना वैरी म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. मुळात शिरून ते तेथल्या पेशींना फुगवतात आणि त्या पेशींवर आपले पोट भरतात. वरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की पाणी घालूनही झाड दुपारी मान टाकते, पाने लहान येतात, कणसे आखूड होतात. मी दोन वर्षे तेच पाणी कमी पडल्याचे लक्षण समजत राहिलो. शेवटी एक झाड उपटले, तर मुळांवर मोहरीएवढ्या गाठींची माळ होती.

लागण झालेली माती त्या कुंडीत पुन्हा वापरू नये. नव्या लावणीपूर्वी मातीत निंबोळी पेंड मिसळावी. आणि जमिनीत लावावयाचे असेल तर त्या वाफ्यात आधी एक मोसम झेंडू घ्यावा, कारण झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींना मारणारे द्रव्य असते. झेंडूची फुले दसऱ्याला तोरणांत जातात, मुळे जमिनीतच राहू द्यावीत. काडी घेताना ती नेहमी झाडाच्या वरच्या भागातून घ्यावी, मातीला टेकलेल्या फांदीतून घेऊ नये.

माझ्या अंगणात आता दोन्ही अबोली आहेत. दिल्लीची पूर्वेच्या भिंतीशी, देवाच्या फुलांसाठी. आणि आजोळच्या रोपाच्या बियांवरून वाढवलेली जुनी, जरा लहान फुलांची, शेवग्याच्या विरळ सावलीत. पहिले रोप गेल्यावर आजीने पुन्हा धाडले ते बीच होते, वहीच्या कागदाच्या घडीत बांधलेले, आणि त्या घडीवर पेन्सिलीने 'कोरडे ठेव' एवढे दोनच शब्द होते. ज्येष्ठात कणसांचे सूप मी आता मुद्दामच पागोळीखाली ठेवतो, आणि त्यासमोर ओल्या पाल्याने भरलेल्या दोन कुंड्या मांडतो. बोंडे फुटतात तेव्हा निम्म्या बिया त्यांत पडतात. उरलेल्या पायरीवरून टिपून घ्याव्या लागतात.